वाफेचा हिशेब

१९८३ साली वसंतदादा पाटील पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं काढायला परवानगी दिली. या निर्णयावरची भांडणं अजून मिटलेली नाहीत. शिक्षणाचा बाजार मांडला म्हणणारे आहेत, तसेच ‘नाहीतर आमची पोरं डोनेशनची पिशवी घेऊन कर्नाटकात गेली असती’ म्हणणारेही आहेत. पुण्यात मात्र परिणाम लगेच दिसला. बिबवेवाडीत, अप्पर इंदिरानगरच्या चढावर, त्याच वर्षी विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली. आज तिथे केमिकल इंजिनिअरिंगही शिकवलं जातं. त्याच १९८३ मध्ये, याच शहरात, आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या प्रमोद चौधरी यांनी ‘प्राज’ काढली. डिस्टिलऱ्या उभारणाऱ्या या कंपनीचं नाव पुढे देशाबाहेरही पोचलं.

दादा सांगलीचे, सहकारी साखर कारखानदारीत मुरलेले. पुण्याजवळ मांजरीला १९७५ मध्ये सुरू झालेल्या डेक्कन शुगर इन्स्टिट्यूटला पुढे त्यांचंच नाव मिळालं आणि तिथे अल्कोहोलचं तंत्र हा स्वतंत्र विभाग झाला. कॉलेज, कंपनी आणि ही संस्था, तिघांच्या वाटा वेगळ्या. पण तिघांनाही एक प्रश्न सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं: अमुक मिश्रण उकळलं तर वर जाणाऱ्या वाफेत कशाचा वाटा किती असेल?

प्रश्न पोरकट वाटतो. पण साखर कारखान्याच्या मागे उंच नळकांड्यांचा जो झुबका दिसतो, तो सगळा या प्रश्नाच्या उत्तरावर उभा असतो. मळीला, म्हणजे कारखान्याच्या भाषेत मोलॅसिसला, यीस्ट लावून आंबवलं की ‘वॉश’ तयार होतो. त्यात अल्कोहोल आठ-दहा टक्के, बाकी पाणी, क्षार, मेलेलं यीस्ट आणि नाव घेतलं तर नाक मुरडावं अशा पाच-पंचवीस चिल्लर रसायनांचा भरणा. हा वॉश अशा एका नळकांड्यात, म्हणजे स्तंभात, वरून सोडायचा, खालून वाफ द्यायची. आत एकावर एक ट्रे. प्रत्येक ट्रेवर द्रव आणि वाफ भेटतात, देवाणघेवाण करतात आणि आपापल्या दिशेला जातात. स्तंभाला किती ट्रे लावायचे, वॉश कितव्या ट्रेवर सोडायचा, माल कुठून काढायचा, वाफ किती जाळायची, हे सगळं त्या देवाणघेवाणीच्या आकड्यावरून ठरतं. आकडा चुकला तर अल्कोहोल तळाशी उरलेल्या स्पेंट वॉशबरोबर नाल्याच्या दिशेने जातं, किंवा बॉयलर गरज नसताना बगॅस खात बसतो.

गंमत अशी की हे यंत्र आकड्याच्या आधी आलं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही डिस्टिलरीतला ऑपरेटर पहिल्या स्तंभाला ‘अ‍ॅनालायझर’ आणि दुसऱ्याला ‘रेक्टिफायर’ म्हणतो. ही जोडी इनियस कॉफी या आयरिश माणसाची. तो अबकारी खात्यातला अधिकारी, बेकायदा भट्ट्या उद्ध्वस्त करणं हीच त्याची नोकरी. नोकरी सोडल्यावर त्याने भट्टीवाल्यांसाठीच अखंड चालणाऱ्या दोन स्तंभांच्या यंत्राचं पेटंट १८३० मध्ये घेतलं. त्याच्याजवळ तांबं होतं, अनुभव होता आणि हात भाजून घेतलेल्या लोकांचं ज्ञान होतं. वाफेत कशाचा वाटा किती हे सांगणारा समतोलाचा तक्ता नव्हता. तो निघायला अजून अर्धशतक जायचं होतं.

फ्रान्समध्ये राऊल्ट यांनी १८८०च्या दशकात नियम मांडला, तो आजही बारावीच्या पुस्तकात असतो: मिश्रणातल्या घटकाचा वाफेतला दाब म्हणजे त्याचा शुद्ध असतानाचा दाब गुणिले द्रवातला त्याचा वाटा. नियम देखणा आहे. बेन्झीन-टोल्युईनसारख्या एकाच गोत्राच्या जोडीला लागूही पडतो. अल्कोहोल आणि पाण्याने मात्र त्याला कधीच जुमानलं नाही.

अमेरिकेत केरी आणि लुईस यांनी १९३२ मध्ये या जोडीची मोजमापं छापली. पिढ्यान्पिढ्या विद्यार्थी हाच तक्ता वहीत उतरवून घेतात. द्रवात दर हजार रेणूंमागे १९ रेणू अल्कोहोलचे असतील, म्हणजे वजनाने साधारण पाच टक्के, तर राऊल्टच्या हिशेबाने वाफेत हजारी ४२ रेणू यायला हवेत. प्रत्यक्ष मोजले तर येतात १७०. चौपट! पाण्यात थोडं अल्कोहोल असलं की पाणी त्याला अक्षरशः बाहेर ढकलतं. अल्कोहोल वाढत गेलं की ही ढकलाढकल ओसरते. अल्कोहोल पाण्याच्या किती पट सहज वाफेत जातं, या आकड्याला इंजिनिअर सापेक्ष बाष्पशीलता म्हणतात. पातळ टोकाला ती दहाच्या वर, अर्ध्यावर आलं की १.८५, तीन-चतुर्थांशाला १.२ आणि हजारी ८९४ रेणूंना बरोबर १. तिथे द्रवात जे तेच वाफेत. वजनाने ९५.६ टक्के अल्कोहोल, ७८.२ अंश सेल्सिअस, आणि पुढे रस्ता बंद. त्यानंतर शंभर ट्रे वाढवले तरी पाण्याचा उरलेला हिस्सा हलत नाही. बाजारातलं ‘रेक्टिफाइड स्पिरिट’ या भिंतीच्या अलीकडेच थांबलेलं असतं.

पुणेकरांसाठी यात आणखी एक पाचर आहे. तक्ता ७६० मिलिमीटर दाबाचा, समुद्रकाठचा. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर; इथे हवेचा दाब सातशे दहाच्या आसपास आणि पाणी ९८ अंशांनाच उकळतं. बिबवेवाडीच्या प्रयोगशाळेत थर्मामीटर शंभराला पोचला नाही म्हणून त्याच्यावर संशय घेण्यात अर्थ नाही. पुस्तकातला आकडा इथल्या हवेसाठी दुरुस्त करून घ्यावा लागतो, आणि तो कसा करायचा हेच तर विद्यार्थ्याला शिकायचं असतं.

इथवर गोष्ट दोघांचीच होती. खरा घोळ तिसऱ्या-चौथ्याने घातला.

यीस्ट साखरेतून नुसतं इथेनॉल बनवत नाही. प्रोपेनॉल, आयसोब्युटेनॉल, अ‍ॅमिल अल्कोहोल असे जड भाऊबंदही थोडे थोडे बनतात. त्यांच्या मिश्रणाला डिस्टिलरीत फ्यूजल ऑइल म्हणतात. आयसोअ‍ॅमिल अल्कोहोल शुद्ध असताना १३१ अंशांना उकळतं, पाण्यापेक्षा ३१ अंश वर. साधा तर्क म्हणेल, हे तळाशी राहील. पण पाण्याला त्याचा तिटकारा इतका की पातळ वॉशमध्ये ते इथेनॉलच्याही पुढे वर पळतं. वर जाऊन पाहतं तर तिथे सगळं अल्कोहोलच. तिथे ते आपल्या माणसांत रमतं, जड वागू लागतं आणि खाली घसरतं. खाली पुन्हा पाणी. असं त्याचं कायम तळ्यात-मळ्यात चालतं. रेक्टिफायरच्या मधल्या पट्ट्यात ते साठत जातं आणि वेळीच काढलं नाही तर स्तंभाचं सगळं वेळापत्रक बिघडवतं. म्हणून मधल्याच काही ट्रेंना तोट्या असतात. तिथून काढलेला माल पाण्याने धुतला की पिवळसर, उग्र वासाचं तेल वर तरंगतं. स्तंभ चालवणारा माणूस दर पाळीत कुठली तोटी किती उघडायची ते ठरवतो. थर्मामीटरकडे बघून, आणि काही जण सरळ वास घेऊन.

हे कोडं आधी सोडवलं ते फ्रेंचांनी. एर्नेस्त सोरेल यांनी १८९०च्या दशकात स्तंभाचा ट्रेगणिक जमाखर्च मांडला: इतका माल वरून आला, इतका खालून, इतकी उष्णता. प्रत्येक अशुद्ध घटक वाफेत आणि द्रवात कुठल्या प्रमाणात वाटला जातो याचे गुणकही त्यांनी दिले. एमिल बार्बे यांनी त्यात एक व्यवहारी सुधारणा केली. घटक वर जातो की नाही यापेक्षा तो इथेनॉलपेक्षा वेगाने जातो की हळू, एवढंच त्यांनी विचारलं. उत्तर अल्कोहोलच्या तीव्रतेनुसार बदलतं हे कळल्यावर युक्तीही सुचली. माल मुद्दाम पाण्याने पातळ करायचा, म्हणजे फ्यूजल ऑइल वरच्या टोकाने हाकलता येतं आणि इथेनॉल तळाशी पाण्यात सुखरूप राहतं. मद्यनिर्मितीसाठी लागणारं अतिशुद्ध अल्कोहोल, कारखान्यांच्या बोलण्यातलं ‘ईएनए’, आजही याच युक्तीने होतं. महाग वाफ जाळून काढलेलं अल्कोहोल पुन्हा पाण्यात ओतायचं म्हटल्यावर नवख्या चेअरमनचा चेहरा कसा होत असेल, याची कल्पना करायला हरकत नाही.

१९२५ मध्ये एमआयटीतल्या मॅकेब आणि थीली या दोघांनी सोरेलचं किचकट गणित आलेख कागदावर आणलं. एक वक्र, दोन सरळ रेषा आणि त्यांच्यामध्ये जिन्यासारख्या पायऱ्या. पायऱ्या मोजा, ट्रे मिळाले. वर्गातली निम्मी मुलं या पद्धतीच्या प्रेमात पडतात आणि इथेनॉल-पाण्याच्या वक्राचं वरचं टोक कर्णरेषेला चिकटू लागलं की पेन्सिलचं टोक पुरत नाही म्हणून वैतागतात. ही पद्धत दोन घटकांपुरती. दहा घटक असतील तर कागदाच्या दोन मिती पुरत नाहीत.

बहुघटकी स्तंभाची खरी अडचण गणिताची नाहीच, माहितीची आहे. वॉशमधले महत्त्वाचे दहा घटक घेतले तर त्यांच्या जोड्या होतात ४५ आणि त्रिकुटं १२०. प्रत्येक त्रिकुट, प्रत्येक तीव्रतेला, प्रत्येक दाबाला मोजायचं म्हटलं तर प्रयोगशाळेतली पिढी निवृत्त होईल. मॅक्स मार्ग्युलिस यांनी १८९५ मध्ये आणि योहानेस फान लार यांनी १९१० मध्ये जोड्यांसाठी समीकरणं दिली होती. त्रिकुट आलं की ती अडखळत. १९६४ मध्ये ग्रँट विल्सन यांनी वेगळी वाट काढली. त्यांचं म्हणणं असं की रेणूभोवतीची गर्दी सरासरीसारखी नसते, त्याला मानवणारे शेजारी जवळ जास्त असतात. हे धरलं की नुसत्या जोड्यांच्या मोजमापांवरून दहा घटकांच्या मिश्रणाचा अंदाज बांधता येतो. ४५ जोड्या हातात असल्या की १२० त्रिकुटांकडे बघायचं काम नाही. त्यात एक भोक राहिलं होतं: द्रवाचे दोन थर पडतात ते विल्सनच्या समीकरणाला दिसत नाही. १९६८ मध्ये रेनों आणि प्रॉस्निट्झ यांच्या ‘एनआरटीएल’ने ते बुजवलं. आणि जोडीसुद्धा कुणी मोजलेली नसेल तर? १९७५ च्या ‘युनिफॅक’ने रेणूचे तुकडे करून अंदाज बांधला. आयसोअ‍ॅमिल अल्कोहोल म्हणजे दोन मिथाइल, दोन मिथिलीन, एक सीएच आणि एक हायड्रॉक्सिल. तुकड्यांचे स्वभाव बेरजेला घ्या, रेणूचा स्वभाव कळेल. अंदाजच तो, कधी सपशेल चुकतो. पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

पुण्यात, पाषाणला, नॅशनल केमिकल लॅबोरेटरीचं उद्‌घाटन ३ जानेवारी १९५० रोजी नेहरूंच्या हस्ते झालं होतं. तिथे १९५४ मध्ये आलेल्या एल. के. दोरायस्वामी यांनी केमिकल इंजिनिअरिंगला वजन मिळवून दिलं. न मोजलेल्या गुणधर्माचा अंदाज बांधण्याचं शास्त्र पुण्यालाही परकं नव्हतं: द्रवात रेणू किती वेगाने पसरतात याचं रेड्डी आणि दोरायस्वामी यांनी १९६७ मध्ये दिलेलं सूत्र जगभर उद्धृत झालं. याच प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी झिओलाइट या सूक्ष्म भोकांच्या पदार्थावर काम केलं, ज्यातून झायलीनसाठीचा ‘एन्सिलाइट’ उत्प्रेरक निघाला. पॅराझायलीन १३८.४ अंशांना उकळतं आणि मेटाझायलीन १३९.१ ला. पाऊण अंशासाठी स्तंभ बांधत बसण्यात शहाणपण नाही, तिथे झिओलाइटसारख्या दुसऱ्याच दाराने जावं लागतं. हे दार पुढे अल्कोहोललाही उघडायचं होतं.

मधल्या काळात महाराष्ट्रातल्या डिस्टिलऱ्यांना या विद्येची फारशी निकड नव्हती. १९४८ चा पॉवर अल्कोहोल कायदा देशात होता, पण पेट्रोल स्वस्त असताना त्याला विचारतो कोण? १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दुसरं मोठं गिऱ्हाईक अडवलं. सहकारी कारखान्यांत तांब्याचे बबल कॅपचे स्तंभ बसले, रेक्टिफाइड स्पिरिट निघत राहिलं, ते रासायनिक कारखान्यांकडे जाई. मळी जवळपास फुकट, वाफेला बगॅस घरचाच. अशा परिस्थितीत दोन ट्रे कमी का जास्त, कोण भांडणार?

भांडण लागलं ते २००१ मध्ये. केंद्राने इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल विकण्याचे तीन प्रायोगिक प्रकल्प सुरू केले. एक उत्तर प्रदेशात, बरेली जिल्ह्यातल्या आंवल्याला. उरलेले दोन्ही महाराष्ट्रात, मनमाड आणि मिरज. मिरज म्हणजे दादांच्या सांगलीला खेटूनच. १ जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण आलं. आता ९५.६ टक्क्यांचा माल चालणार नव्हता. पाणी जास्त असेल तर टाकीत पेट्रोलपासून अल्कोहोल-पाण्याचा थर वेगळा होतो आणि इंजिन आचके देतं. भारतीय मानकाने ९९.५ टक्के मागितले. भिंत ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

भिंत ओलांडण्याचा जुना मार्ग सिडनी यंग यांनी १९०२ मध्ये दाखवला होता: बेन्झीन घाला. बेन्झीन, इथेनॉल आणि पाणी तिघं मिळून ६४.९ अंशांना उकळतात, इथेनॉलपेक्षा तेरा अंश खाली. पाणी त्या त्रिकुटाबरोबर वरून निघून जातं, तळाशी कोरडं इथेनॉल उरतं. वरची वाफ थंड झाली की दोन थर पडतात. बेन्झीनचा थर परत स्तंभात, पाण्याचा थर बाहेर. एनआरटीएलसारख्या समीकरणाची कसोटी इथेच लागते, कारण एकाच ट्रेवर वाफ आणि दोन द्रव असा तिहेरी समतोल असू शकतो. बेन्झीन कर्करोगकारक ठरल्यावर सायक्लोहेक्झेन आलं. तरी दिवसभर ज्वालाग्राही द्रावण फिरवत ठेवणं, त्याची गळती, त्याचा हिशेब, हे सगळं कटकटीचंच.

नव्या प्रकल्पांनी झिओलाइटची चाळणी पसरली. पाण्याचा रेणू सुमारे २.८ अँगस्ट्रॉम, इथेनॉलचा ४.४, आणि चाळणीची भोकं ३. वाफ दाबाखाली मण्यांमधून सोडली की पाणी आत अडकतं, इथेनॉल पुढे जातं. मणी भरले की दाब उतरवायचा आणि थोडी कोरडी वाफ उलटी फिरवून त्यांना रिकामं करायचं. एक भांडं काम करतं, दुसरं तोवर मोकळं होतं. बाष्प-द्रव समतोलाने जिथे हात टेकले, तिथे समतोलाला वळसा घालून काम झालं.

म्हणून समतोलाचा हिशेब संपला असं मात्र नाही; उलट तो जास्त बारीक झाला, कारण आता वाफेचा पैसा मोजला जाऊ लागला होता. अ‍ॅनालायझर निर्वातात चालवायचा, म्हणजे वॉश कमी तापमानाला उकळतो आणि मोलॅसिसमधल्या कॅल्शियमची खपली ट्रेवर कमी चढते. रेक्टिफायर दाबाखाली चालवायचा, म्हणजे त्याच्या माथ्यावरची वाफ इतकी गरम असते की तिच्यावरच अ‍ॅनालायझर उकळतो. बॉयलरची एकच वाफ दोनदा कामाला लागते. पण यासाठी समतोल एका दाबाला माहीत असून भागत नाही. दाब बदलला की ९५.६ ची भिंतही सरकते. शंभर मिलिमीटरच्या खाली ती जवळपास नाहीशी होते. फ्यूजल ऑइल साठण्याचा पट्टा सरकतो, तोट्यांची जागा सरकते. हा सगळा हिशेब संगणकात होतो, आणि संगणकाला खाऊ घातलेले जोड्यांचे आकडे चुकीचे असतील तर तो आत्मविश्वासाने चुकीचा स्तंभ काढून देतो. पडद्यावर हिरवी खूण दिसली म्हणजे स्तंभ बरोबर, असं समजणाऱ्या विद्यार्थ्यांना मास्तर पहिल्यांदा विचारतात ते हेच: मॉडेल कुठलं निवडलं, आणि का? एकेकाळी असं सॉफ्टवेअर फक्त मोठ्या कंपन्यांना परवडे. आता डॅनिएल मेडेरोस या ब्राझिलियन अभियंत्याने केलेलं ‘डीडब्ल्यूसिम’ फुकट मिळतं, आणि आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प त्यावर देशभरच्या विद्यार्थ्यांकडून प्रक्रियांचे आराखडे करवून घेतो.

५ जून २०२१ रोजी पंतप्रधानांनी शंभर टक्के इथेनॉल विकणाऱ्या पंपांचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला, तो पुण्यातच. देशात दहा टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठलं गेलं, वीस टक्क्यांचं २०२५ मध्ये. दरम्यान डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, ते पुढच्या वर्षी उठले. त्या काळात मक्याचं महत्त्व वाढलं. कच्चा माल बदलला की चिल्लर रसायनांची यादी आणि प्रमाण बदलतं, आणि स्तंभाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

इथेनॉल डिझेलमध्ये नीट मिसळत नाही. म्हणून आयसोब्युटेनॉल मिसळता येईल का, यावर पुण्यातलीच एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था काम करत असल्याचं नितीन गडकरी यांनी २०२५ मध्ये सांगितलं. आयसोब्युटेनॉल म्हणजे रेक्टिफायरच्या मधल्या तोटीतून इतकी वर्षं कचरा म्हणून काढून टाकलेल्या फ्यूजल ऑइलमधला एक घटक. त्याचा पाण्याशी समतोल वेगळा आहे. दोघं मिळून ९० अंशांच्या आसपास उकळतात, वाफेत एक-तृतीयांश पाणी असतं, पण ती वाफ थंड झाली की आपोआप दोन थर पडतात: वरच्यात आयसोब्युटेनॉल ऐंशी टक्क्यांच्या वर, खालच्यात दहाहून कमी. वरचा थर एका स्तंभात, खालचा दुसऱ्यात, दोघांच्या माथ्यावरची वाफ थंड होऊन पुन्हा थर वेगळे करणाऱ्या त्याच टाकीत, म्हणजे डिकँटरमध्ये. एकाच्या तळातून कोरडं आयसोब्युटेनॉल निघतं, दुसऱ्याच्या तळातून पाणी. बेन्झीन लागत नाही, चाळणीही लागत नाही.